नाही म्हणायची तालीम

माझा फोन 'टिंग' करून वाजला की मी अजूनही दचकते. घरात हसतात मला. लेक म्हणते, "आई, साड्यांच्या सेलची जाहिरात असंल, बघ तरी." मी लगेच बघत नाही. आधी फोन पालथा घालते, पदराला हात पुसते, मगच उचलते. लोक सापाला भितात, विंचवाला भितात. मी मेसेजला भिते, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याच्यावर अजून वेळ आलेली नाही, एवढंच.

मी हदगाव तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहे. विनाअनुदानित. म्हणजे दर जूनला प्राचार्यांची सही झाली तर मी आहे, नाही झाली तर घरी. नवरा गेल्यावर ही नोकरी प्राचार्यांनीच दिली. मागे लागावं लागलं नाही, घरी येऊन म्हणाले, "सोमवारपासून या." त्या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही, आणि तेच पुढं मला जड गेलं.

आमच्या भागात पोरींच्या घरी फोन नसतो असं नाही. असतो, पण तो भावाच्या खिशात, आणि भाऊ निजामाबादला कामाला. नाहीतर बापाच्या खिशात, आणि बाप म्हणतो, "पोरीच्या हातात मोबाइल? न्हाई जमायचं." आणि सरकारचं तर सगळं ऑनलाइन. शिष्यवृत्ती ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन, प्रवेश ऑनलाइन. फॉर्म भरता भरता 'मोबाइल नंबर'पाशी आलं की पोरगी थांबायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मग मी म्हणायचे, "टाक माझा." असं टाक माझा, टाक माझा करत निम्म्या कॉलेजच्या पोरी माझ्या नंबरावर आल्या. पासवर्डही सगळ्यांचा एकच ठेवलेला, कॉलेजचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन, कारण पोरी विसरायच्या आणि मग दारात रडत उभ्या राहायच्या. हे आमच्याकडंच होतं असं समजू नका. कोणत्याही तालुक्याला जा, अशी एक मॅडम बसलेलीच असते. लोक म्हणायचे, "मॅडम लई करतात पोरींसाठी." मला बरं वाटायचं. का वाटू नये?

मग वरून फर्मान आलं की सगळ्या स्टाफला सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण द्या. संस्थेनं पुण्याच्या एका कंपनीला विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून अध्यक्षसाहेब म्हणाले, "एवढ्यात तर छताचे पत्रे बदलून होतील," आणि फोन ठेवून दिला. तेव्हा कुणीतरी लातूरच्या एका बाईंचं नाव सुचवलं. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या, आणि आता गावोगावच्या शाळा-कॉलेजांत हेच शिकवत फिरणाऱ्या. घ्यायच्या काय, तर एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज, "स्वस्तातलं दूध, पाणी घातलेलंच असणार."

बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि खडू. लॅपटॉप वगैरे काही नाही. नेमकी लाइट गेलेली. प्राचार्य जनरेटरवाल्याला शिव्या घालायला लागले तर बाई म्हणाल्या, "असू द्या हो. चोर काय लाइट बघून येतो का?" आणि सरळ फळ्यापाशी गेल्या.

पहिलाच प्रश्न असा, "ज्यांच्या फोनवर दुसऱ्यांचे ओटीपी येतात त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. खोटं कशाला बोलू, जरा ताठ मानेनंच केला.

"किती जणींचे येतात?"

"मोजले नाहीत. निम्म्या कॉलेजचे असतील."

"आणि पासवर्ड?"

"एकच आहे सगळ्यांचा. सोपा."

बाईंनी खडू खाली ठेवला. "अगं बाई गं," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून, "ताई, गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच कुलूप, आणि किल्ली तुमच्या कमरेला. तुम्ही भल्या आहात, दिसतंय मला. पण चोराला तुमच्या भलेपणाशी काय करायचंय?"

सगळे हसले. मी पण हसल्यासारखं केलं. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच पोरगी उभी राहिली.

ती इस्लापूरकडची, तिथल्या धबधब्याच्या अलीकडच्या एका गावातली. बाप नाही, भाऊ निजामाबादला कामाला, आई मजुरीला. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या वस्तीतली पहिली नोकरदार बाई. आत्याचा पांढरा ड्रेस बघून या पोरीनं लहानपणीच ठरवलेलं, नर्सच व्हायचं. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत मार्कही तसे आणले. मेरिट लिस्टमध्ये तिचं नाव बघून मी मोठ्यानं ओरडले होते, मावशीच्या हातातला चहा सांडला. मावशी म्हणजे आमची शिपाई. कॉलेजांचा पसंतीक्रम माझ्यासमोर बसून भरला. पहिलं लातूरचं सरकारी नर्सिंग, जिथं वसतिगृह मिळेल आणि आईला हात पसरावा लागणार नाही. मग फॉर्म लॉक करून टाकला. खाजगी एकही भरलं नाही. भरून करणार काय? आणि आईनं तिला साफ सांगितलेलं, "यंदा नंबर लागला तर जा बाई. न्हाई लागला तर पाहुणे येऊन राहिलेत, मी त्यांना किती दिवस थांबवू?" म्हणजे हे एक वर्ष. दुसरं नव्हतंच तिच्याकडं.

मी उठून विचारलं, "बाई, लॉक केलेला फॉर्म दुसरं कुणी बदलू शकतं का?"

"शेवटच्या दिवशी पाचपर्यंत बदलता येतो. अर्ज क्रमांक लागतो, पासवर्ड लागतो आणि ओटीपी."

अर्ज क्रमांक तर मेरिट लिस्टमध्ये छापूनच आलेला. पासवर्ड शेंबडं पोरही ओळखेल असा. राहिलं काय, तर माझा फोन. मी खाली बसले, पाय गार पडल्यासारखे झाले होते.

बाईंनी त्या दिवशी बरंच सांगितलं, पण दोन गोष्टी माझ्या डोक्यात रुतून बसल्या. एक म्हणजे, "ओटीपी आला की आपण फक्त आकडे वाचतो. आकड्याच्या आजूबाजूला एक वाक्य असतं. आधी ते वाचा, मग आकडे. आणि ज्याचा फॉर्म, त्याचा ओटीपी. मालक समोर नसेल तर कुणालाच द्यायचा नाही. मला पण नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे तालीम. प्राचार्यांना त्यांनी खुर्चीवरून उठवून मधोमध उभं केलं. म्हणाल्या, "सर तुम्हाला फोन करून ओटीपी मागतायत. एकेकानं समोर यायचं आणि म्हणायचं, सर, देत नाही."

आता आमच्याकडं प्राचार्यांना नाही म्हणायची पद्धतच नाही. सर म्हणाले की "हाव सर," मग ते बरोबर असो की चूक. प्राचार्यही मिश्या पिळत म्हणाले, "म्हणा की. बघू तरी कोण म्हणतंय माझ्यापुढं." इंग्रजीचे सर गेले आणि म्हणाले, "सर, म्हणजे तसं देत नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर..." सगळा वर्ग फुटला हसून. मावशी तोंडात पदर कोंबून अर्ध्यातूनच पळून आल्या. माझी पाळी आली. मी उभी राहिले. समोर तेच तोंड, ज्यानं मला सोमवारपासून या म्हटलं होतं.

"सर... नंतर देते," मी म्हणाले.

"नंतर देते म्हणजे दिलाच," बाई म्हणाल्या. "बसा. घरी आरशासमोर करा."

मला राग आला त्यांचा. कोण तुम्ही, एका दिवसासाठी येऊन आम्हाला आमच्या माणसांपुढं उभं करणाऱ्या? जेवताना मी त्यांना भाकरी वाढली ती पण जरा आपटूनच. त्यांनी ठेचा मागून घेतला आणि मस्त जेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पासवर्ड बदलायला बसले. पण गंमत बघा, नवा पासवर्ड टाकायला एका गुप्त प्रश्नाचं उत्तर लागायचं, आणि ते प्रत्येक पोरीनं आपापलं भरलेलं. म्हणजे पोरगी समोर पाहिजे. जवळपासच्या आल्या, त्यांचे बदलले. इस्लापूरच्या पोरीसाठी मी गावातल्या किराणा दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आईसंगं सोयाबीन खुरपायला गेलीय मॅडम. सांगतो, येईल." निरोप मिळाला, पण मजुरीचा बोल दिलेला, रान सोडून कसं येणार? पसंतीक्रमाच्या शेवटच्या दिवशी सकाळच्या गाडीनं येते, असं उलट निरोपात आलं.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळची गाडी आली, तिच्यात पोरगी नव्हती. गाडी भोकरच्या बाजूला बंद पडली का पोरगीच निघाली नाही, काही कळेना. प्राचार्य मीटिंगला नांदेडला गेलेले. ऑफिसात मी आणि मावशी. दुपारचा डबा उघडला, पहिला घास तोंडात, आणि टेबलावरचा फोन वाजला.

टिंग.

मी काहीच केलेलं नव्हतं. कुठलाही फॉर्म उघडलेला नव्हता. तरी ओटीपी आला. कधी आपल्या बंद घराचं दार आतून कुणी वाजवलं तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. मी फोनकडं बघत असतानाच तो वाजायला लागला. प्राचार्यांचं नाव.

"मॅडम, आत्ता एक ओटीपी आला असंल तुमच्या फोनवर. सांगा लवकर."

"सर, कशाचा आहे?"

"कशाचा म्हणजे? मुंबईवरून साहेब आहेत माझ्या दुसऱ्या फोनवर. फॉर्म तपासून राहिलेत आपल्या पोरींचे. तुमच्या त्या इस्लापूरच्या पोरीचा अडकलाय. पाचच्या आत व्हेरिफाय न्हाई झाला तर बाद. बोला, बोला."

बाई म्हणाल्या होत्या की हल्ली आवाजसुद्धा बनवतात. शंका आली तर फोन ठेवा आणि आपल्याजवळच्या नंबरावर उलट फोन लावा. मी प्राचार्यांचा फोन कापला. हो, कापला! आयुष्यात पहिल्यांदा. मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. मी त्यांचा नंबर लावला.

"कट कसा झाला?" तेच खोकणं, तोच खर्ज.

"सर, सकाळी निघताना तुम्ही मावशीला काय सांगितलं होतं?"

"टाकीचा नळ बंद कर म्हणलो होतो. का? डोकं फिरलं का तुमचं?"

तेच होते. शंभर टक्के तेच. माझ्या जिवात जीव आला. हुश्श केलं, मेसेज उघडला आणि आकडे सांगायला तोंड उघडलं. खरंच सांगते, पहिला आकडा जिभेवर आला होता. आणि मग डोळा आकड्याच्या अलीकडं गेला. माझं इंग्रजी तुटकं आहे, पण 'अनलॉक' कळायला काही पदवी लागत नाही. फॉर्म तपासायचा ओटीपी नव्हताच तो. फॉर्म उघडायचा होता.

तेव्हा जी भीती वाटली ती वेगळीच. खोटा आवाज असता तर सोपं होतं, दोन शिव्या देऊन ठेवला असता. पण इथं माणूस खरा, आवाज खरा, नंबर खरा. आणि त्या खऱ्या माणसाच्या पलीकडं, दुसऱ्या फोनवर, कोण होतं? मला पुसटसा आवाज येत होता. लई गोड. "सर, मॅडमना म्हणावं टेन्शन घेऊ नका." घाई नाही, राग नाही. तो गोडवाच मला खटकला.

"सर, हा फॉर्म उघडायचा ओटीपी आहे."

"अहो, उघडल्याशिवाय तपासणार कसा? साहेब म्हणतात, लगेच परत लॉक करून देतो."

हेही बरोबरच वाटलं हो! क्षणभर मला वाटलं, मीच येडी. एका खडूवाल्या बाईचं ऐकून मी पोरीचं नुकसान करतेय. खरंच बाद झाला फॉर्म तर? पाहुणे बसलेत तिच्या दारात. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी, हातात फोन घेऊन. घामानं तो फोनसुद्धा निसटत होता.

"मॅडम, ऐकू येतंय का?"

"सर," मी म्हणाले. आवाज माझा वाटतच नव्हता. "सर, देत नाही."

पलीकडं सगळं गप्प झालं. तो गोड आवाजसुद्धा.

"काय म्हणलात?"

"पोरगी आल्यावर पोरगी देईल. मी देत नाही."

मग त्यांचा आवाज चढला. "त्या पोरीचं वाटोळं झालं तर तुमच्या माथ्यावर आहे, ध्यानात ठेवा. आणि जूनमध्ये सहीला येऊ नका माझ्याकडं." फोन आपटला.

मी खुर्चीत बसले. मावशीनं पाणी दिलं. आणि पुन्हा टिंग. पुन्हा ओटीपी. जरा वेळानं पुन्हा. कुणीतरी कडी हलवत होतं, सुटतेय का बघत होतं. लातूरच्या बाईंना फोन लावला, लागला नाही. हेल्पलाइनला लावला, गाणंच वाजत राहिलं. शेवटी मी त्याच सोप्या पासवर्डनं पोरीचा फॉर्म नुसता बघण्यापुरता काढला आणि स्क्रीनसमोर बसले. 'लॉक' असं लिहिलेलं, पहिल्या ओळीत लातूर. मी राखण करणाऱ्या बाईसारखी बघत बसले. पान मधेच गायब व्हायचं, गोल फिरत राहायचं, आणि मला वाटायचं, गेलं! बाद झालं! मग परत यायचं. लातूर. पुन्हा गायब. मावशी मागं उभ्या राहून काहीतरी पुटपुटत होत्या.

पाच वाजले तेव्हा साइटनं दार लावलं. लातूर पहिल्याच ओळीत होतं. पोरगी संध्याकाळी धापा टाकत आली, गाडी खरंच बंद पडली होती. "मॅडम, झालं ना सगळं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "झालं." दुसरं काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. लॉक होता, पण आतून बाद केला असला तर? सर खरं बोलत असतील तर?

प्रवेशाची यादी लागेपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्राचार्य ऑफिसात यायचे, माझ्याकडं न बघता सह्या करायचे आणि जायचे. खुलासा द्या म्हणून मेमो आला. मी खुलासा लिहायला घ्यायचे आणि फाडायचे. लिहू काय? की खडूवाल्या बाईनं सांगितलं म्हणून तुम्हाला नाही म्हटलं? स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं बंद व्हायचं. जेवण गोड लागेना. लेकीनं विचारलं, "आई, तुला काय झालंय?" तर तिच्यावरच खेकसले.

यादी लागायच्या आदल्या दिवशी प्राचार्य आले ते माझ्या टेबलापाशीच येऊन उभे राहिले. बसले नाहीत. चेहरा उतरलेला. म्हणाले, "शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात पण तसाच फोन आला होता. माझे मित्र आहेत तिथले प्राचार्य. त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या मॅडमनं दिला ओटीपी. त्यांच्या पोरीचा पसंतीक्रमच बदलून टाकला मॅडम. सगळं खाजगी, कुठं लांबलांबचं. कमिशनवर खाजगीत पोरी भरणाऱ्या एजंटांची टोळी हाय म्हणतेत."

मला त्या दुसऱ्या पोरीचा चेहरा दिसायला लागला, मी न पाहिलेला. तिची पण आई खुरपायला जात असेल.

"तो मला सर सर म्हणून राहिला होता," प्राचार्य म्हणाले. "माझं गाव माहीत होतं त्याला. लई अदबीनं बोलत होता." मग खिशातून रुमाल काढून उगीच चष्मा पुसला. एवढा आडदांड माणूस, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तो माझ्यासारखाच भ्यालेला दिसला. माफी मागितली नाही, मला नकोही होती. माझ्या टेबलावरचा मेमो उचलला, घडी करून खिशात घातला, आणि दारातून म्हणाले, "मावशी, मॅडमला चहा सांगा. आलं टाकून."

यादीत पोरीला लातूर लागलं. आई आणि पोरगी दोघी आल्या. आई दारातूनच "जय भीम, मॅडम" म्हणाली आणि पिशवीभर मुगाच्या शेंगा टेबलावर ओतल्या. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच, पण निम्मी ती भीतीच होती, आता बाहेर पडायला जागा सापडलेली.

भावानं जुना फोन आणून दिलेला. मी सगळ्यात आधी तिच्या सगळ्या फॉर्मांतून माझा नंबर काढला आणि तिचा घातला. पासवर्ड तिला टाकायला लावला आणि तोंड फिरवून बसले. मग तिला समोर उभं केलं. "आता मी तुला ओटीपी मागते. म्हण, मॅडम, देत नाही."

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "तुम्हाला कसं म्हणू मॅडम?"

"म्हण म्हणते ना!"

"न्हाई म्हणवत."

आई पण हसायला लागली. "अवं मॅडम, तुमच्यामुळं तर पोरगी निघालीय, आन् तुम्हालाच न्हाई म्हणंल व्हय?" मी चिडले. चांगलीच बोलले तिला, कान पकडून सांगितलं की जो आपल्यावर उपकार करतो त्यालाच नाही म्हणायला सगळ्यात अवघड जातं, आणि चोर तिथूनच येतो. ती मान हलवत राहिली, पण शेवटपर्यंत म्हणाली नाही. लातूरच्या गाडीत बसली, हात हलवला, गेली. मला तिची काळजी लागून राहिली ती कायमचीच.

दिवाळीनंतरची गोष्ट. तिची बारावीच्या वर्षाची शिष्यवृत्ती आमच्याकडं अडकून पडलेली, आणि ती सोडवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. लाइट येऊन-जाऊन, प्राचार्य दारात उभे, "झालं का मॅडम, झालं का?" माझ्या फोनची बॅटरी संपलेली. मी मावशीचा फोन ओढला आणि पोरीचा नंबर लावला.

"अगं, मी बोलतेय. कॉलेजातून. तुझ्या फोनवर एक ओटीपी आला असेल बघ, सांग लवकर, मुदत चाललीय."

मीच. जिनं शिकवलं तीच. सवय मेली तरी उठून बसते.

पलीकडून काही आवाज येईना. नुसता श्वास.

"अगं, ऐकू येतंय ना? फॉर्म बाद होईल, बोल!"

"मॅडम..." ती म्हणाली. आवाज चिरकला. पुन्हा श्वास घेतला. "मॅडम, देत नाही."

आणि फोन कापला.

मी फोन कानाला तसाच धरून बसले. पहिल्यांदा तर लागलं मला, खरंच लागलं. माझ्यावर फोन कापते? माझ्यावर? प्राचार्य विचारत होते, "काय झालं? दिला का?" मी नाही म्हणून मान हलवली. शिष्यवृत्तीचं काय व्हायचं ते होऊ दे, ती स्वतः नांदेडला समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन निस्तरेल, असं मनाशी म्हटलं, आणि पुढं ती खरंच गेली आणि निस्तरलंही तिनं.

पण त्या दिवशी माझ्या कानात तिचा तो आवाजच राहिला. तो थरकाप मी ओळखत होते. वसतिगृहाच्या जिन्यात कुठंतरी उभी असेल, हात घामेजलेले, पाय गार पडलेले, आणि आपण मॅडमचा अपमान केला या भीतीनं अर्धी झालेली. ज्या पोरीनं मला कधी साधं उलट उत्तर दिलं नव्हतं, तिला मी माझी भीती देऊन बसले होते. तिच्या आईनं शेंगा दिल्या, मी हे दिलं.

मावशीनं विचारलं, "ताई, रडायला काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "म्हणाली एकदाची."